लांब स्क्रू

गुरुवार, म्हणजे पाणी बंद.
बिबवेवाडीत बादल्या भरून ठेवलेल्या
आणि हॉलमध्ये सतरंजीवर
सुनेची काचेची पेटी आडवी, पोट उघडं.
"बाबा, जरा टॉर्च धरता?"

एकतीस वर्षं नाना पेठेत
टॉर्च धरायला माझ्याकडे पोऱ्या असायचा.
मी धरली.

मृण्मयी इमारतींची चित्रं करते, अजून न बांधलेल्या,
बाणेरच्या, वाघोलीच्या, कुठल्या कुठल्या.
मे महिन्यात रात्री दोनला मशीन तापून बसतं,
पडद्यावर अर्धं झाड तसंच.

खोक्यातून रेडिएटर निघाला. हसूच आलं.
हातभर लांब, जाडी दोन बोटं,
काळा, अ‍ॅल्युमिनियमचा. याला डाख धरत नाही,
फुटला की फुटला.
पण जाळीवरून अंगठा फिरवला तर
तीच खरखर. दोन पाती वाकलेली,
खिशातल्या कंगव्याने सरळ केली.
"हे पुस्तिकेत नाहीये," ती म्हणाली.

वर बसेना. मेमरीच्या पट्ट्या आडव्या आल्या,
नखभर. मग पुढून लावायचा ठरला.
"नळ्या खाली घे. हवा वर जाते,
तिला बसायला कोपरा दे, पंपात नको."
तिनं चित्र पाहिलं, काही बोलली नाही,
नळ्या खाली घेतल्या.

स्क्रूच्या पुड्या दोन.
लांब, पंख्यातून आरपार जाणारे;
आखूड, नुसत्या पत्र्याचे.
पत्र्याच्या बाजूनं तिनं लांब लावला,
एक फेरा, दुसरा,
"थांब!"
आवाज दुकानातला निघाला, घरातला नाही.

आत शिरला असता, थेट पाण्याच्या वाटेत.
एकदा शिरलाय.
साताऱ्याचा ट्रक, कात्रजच्या चढावर वाफ,
ड्रायव्हर चालत परत आला.
मी लतीफच्या कानाखाली वाजवली, गिऱ्हाइकासमोर.
बोल्ट मीच निवडून दिला होता त्याच्या हातात.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही,
आत्ताही नाही सांगितलं.

मृण्मयीनं स्क्रू उलटा फिरवला,
काढून माझ्या तळहातावर ठेवला.

चालू केल्यावर आधी गुरगुर,
पाणी यायच्या आधी नळ करतो तशी.
पेटी थोडी कलती केली, पुन्हा सरळ.
बडबड थांबली.
मागे हात धरला: ऊन ऊन वारा.

पडद्यावर उरलेलं झाड भरत गेलं.
लतीफ हल्ली कोंढव्यात असतो म्हणे.
स्क्रू माझ्या खिशात आहे.