बारा ग्रॅम

गंगापूर रोडला, सोमेश्वरच्या अलीकडे,
पाटी नसलेलं एक दार आहे.
आत आठ खुर्च्या.
मुंबईहून, पुण्याहून माणसं येतात
दोन-दोन महिने आधी नाव लावून,
आणि देवदाराच्या फळीसमोर बसतात
जोडे काढा असं कुणी सांगितलं नसलं तरी
काढल्यासारखी.

मोरिता-सान मला काचुरू-सान म्हणतात.
सान म्हणजे आपल्यात लहान, त्यांच्यात राव.
कचरू शंकर बेंडकोळी ह्या नावाला
राव लावणारे ते पहिलेच.
माझ्याआधीची दोन गेली, म्हणून हे नाव.
सांगितलं तेव्हा त्यांनी सुरी खाली ठेवली होती.

पहिलं वर्ष नुसते तांदूळ धुतले,
पाणी दुधाचं, मग ताकाचं, मग पाण्याचं होईपर्यंत.
दुसरं वर्ष शिरका पाजलेल्या भाताला वारा घातला.
तिसऱ्या वर्षी हात लावू दिला.
भात अंगाएवढा कोमट, मासा त्याहून जरा गार,
दोन बोटं, एक तळवा, तीन वळणं.
बारा ग्रॅम.
तेरा झाले तर ते बोलत नाहीत,
फक्त वाटी माझ्याकडे सरकवतात.

मासा रात्री ससून डॉकहून निघतो, कसारा चढून पहाटे येतो.
एखादा तर विमानानं, मी न बघितलेलं जग बघून.
पण तांदूळ घोटीचा. इंद्रायणी.
कुठले कुठले तांदूळ चाखून मोरिता-सान
माझ्या बापाच्या गिरणीत येऊन थांबले.
बापाची म्हणजे, बाप जिथं पोती उचलायचा ती.
बाप हसला. म्हणाला, हा तर गिच्च होतो,
पंगतीला कोण घेतंय?
ते म्हणाले, हाच.

एकदा बापाला आणलं, सोमवारी, बंद असताना.
टोपी काढून मांडीवर धरून बसला,
खुर्चीच्या निम्म्यावरच.
त्याच्यापुढं एक घास ठेवला. सुरमईचा.
त्यानं चहूकडून बघितला, तोंडात टाकला,
आणि बराच वेळ समोरच्या भिंतीकडं बघत राहिला.
मग म्हणाला, भात चांगलाय.
आणि वरण?

मी सांगेना. मोरिता-सान विचारत राहिले.
शेवटी सांगितलं, तर कमरेतून वाकले,
चूक त्यांचीच असल्यासारखे.

बाप माघात गेला.
दहाव्याला रामकुंडावर गुरुजी म्हणाले, पिंड कर.
भात अजून कोमट होता. तीळ होते, मध होता.
हातानं आपलं आपणच केलं:
दोन बोटं, एक तळवा, तीन वळणं.
गुरुजी म्हणाले, अरे गोल कर बाबा,
हे लांबट काय, आणि एवढुसं?
मोडला. पुन्हा केला.
पुन्हा तसाच.

कावळा येईना.
आत्या म्हणाली, दादा, सुमनचं आम्ही बघू.
चुलता म्हणाला, गिरणीतला राहिलेला पगार आणतो मी.
कुणीतरी म्हणालं, बिडी ठेवा, बिडी.
मोरिता-सान काळ्या कोटात, अनवाणी,
पायरीवर उभे होते.
भातात काड्या उभ्या खोवू नकोस,
हे त्यांनीच शिकवलं होतं पहिल्या दिवशी,
तसं मेलेल्या माणसासाठी करतात म्हणून.
आता काहीच म्हणाले नाहीत.
पिशवीतून एक डबा काढला.
वरण. पातळ, पिवळं,
हिंग भलताच पडलेला,
करणाऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा केलेलं.

ते मी पिंडावर ओतलं.
गुरुजींनी नदीकडं तोंड फिरवलं.
कावळ्याचं सांगत नाही.

आज आठही खुर्च्या भरल्यात.
मुंडण टोपीखाली खाजतंय.
कोपऱ्यातली बाई फोन वर धरून
फोटो काढायचं विसरलीय.
मी पुढचा घास वळला.
हाताला कळलं, तेरा.
वाटी जिथं होती तिथंच राहिली.