पिवळा, उणे बावीस

सांगलीत मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला
हमालांच्या चहाच्या टपरीवर, लोखंडी जिना चढून, माझा स्टुडिओ.
खालून आल्याची वाफ येते, खिडकीतून हळदीची धूळ.
लेन्स दिवसातून चारदा पुसतो,
फडकं भिजत टाकलं की बादलीभर पाणी पिवळं.

मिरजेच्या इलाही शिकलगारांकडं सहा वर्षं काढली.
ते म्हणायचे, दिवा लावणं कुणालाही जमतं,
नाकाची सावली ओठाला शिवू न देणं, ते काम.
माणूस घाबरला की खांदे कानाला लागतात.
त्याला श्वास सोडायला सांग,
सोडून झाला, की पुढचा घ्यायच्या आत बटण.

फुलाबाई ऐवळे आल्या तेव्हा साडेसहा झालेले.
हळकुंडं निवडायची पाळी संपवून, तशाच.
कोपरापर्यंत पिवळ्या, कानाच्या पाळ्या पिवळ्या,
पापण्यांच्या केसांवरसुद्धा बारीक पूड.
"मोठा काढ," म्हणाल्या, "फ्रेममधला.
थोरलीचा नव्हता. ती गेली तवा
रेशनकार्डावरचा अंगठ्याएवढा वाढवला,
तर नाकाच्या जागी नुसतं ठिपकं."

स्टुलावर बसवलं.
एक दिवा डावीकडं, डोक्याच्या वर हातभर, पांढऱ्या छत्रीत.
गालफाडं बसलेली, तिथं काळोख साचला,
म्हणून थर्माकोलचा तुकडा त्यांच्याच मांडीवर दिला:
धरा असा, जरा तिरका, सूप धरता तसा.
उजेड खालून परत आला
आणि हनुवटीखालच्या सुरकुत्या सैल पडल्या.
मान पुढं, हनुवटी खाली. एवढी नाही,
मुकादमापुढं नाही, आरशापुढं बसल्यागत.
"आरशापुढं बसायला सवड कुनाला हाय," त्या हसल्या.
तेवढ्यात काढला.

कॉम्प्युटरवर उघडला तर चेहरा सोन्याचा.
मी खुर्चीत मागं टेकलो.
वाटलं, याला हात लावायचा नाही,
हाच खरा रंग, हीच बाईची कमाई,
असलं काहीबाही. एका स्पर्धेचं नावसुद्धा
डोक्यात येऊन गेलं, खोटं कशाला बोलू.

त्या मागं उभ्या होत्या, पदरानं तोंड पुसत.
"ते पिवळं निघतंय का?"
निघतं. पण बरं दिसतंय की, मावशी.
"तुला बरं दिसतंय.
चोवीस वर्सं लिंबू लावलं, रॉकेल लावलं.
पोरीच्या लग्नात पावणी इचारत हुती,
नवरी कंची, ही का ती.
काढ."

काढू लागलो.
पिवळा उणे दहा, उणे पंधरा.
फार ओढला की निळा चढतो,
माणूस विहिरीतनं वर काढल्यागत दिसतो,
मग थोडं तांबडं, ओठांवर, डोळ्यांच्या कोपऱ्यात.
बुबुळाभोवतीचं पांढरं आधी उजळलं,
बुबुळात माझी छत्री, तिळाएवढी.
मग कपाळ.
उणे बावीसला एक सावळी बाई आली,
नदीकाठच्या ओल्या मातीहून जराशी फिकी.
दोन वर्षं जिन्याखालून जाताना बघत होतो,
पण हिला पहिल्यांदाच.

बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग बोट पडद्याजवळ नेलं, लावलं नाही:
"आईवर गेलीय की मी."

हातांचं काय करू, विचारलं.
"फ्रेमीत येत्यात का?"
नाही येत.
"मग ऱ्हाऊ दे. सकाळी परत तेच."

दुसऱ्या दिवशी बँकेतले साहेब पासपोर्टला आले.
दिवा तोच, थर्माकोल तोच.
फोटोत त्यांच्या जबड्याखाली
कुठूनसं ऊन आल्यासारखं.
उलटून बघितलं तर तुकड्याच्या कडेला
पाच बोटं, आणि पलीकडच्या कडेला पाच.

"गाल पिवळा का येतोय?"
काल इथं हळद होती, साहेब.
"अरे वा! कुणाची?"

मी ओलं फडकं घेऊन पुसायला लागलो,
तर ती आणखीच पसरली.