तुमची टेप कुठली?

टोलेडोत, फेब्रुवारीत, गाडी नसलेला माणूस
म्हणजे बर्फात रोवलेला खांब.
मार्लीन साबोची ब्युइक सोमवारी सकाळी खोकली,
मंगळवारी तेवढंही नाही.

म्हणून ती इथे, शोरूमच्या काचेच्या खोलीत,
मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात,
आणि फोनमध्ये जपून आणलेला आकडा :
सातशे अठरा.
बँकेच्या ॲपवर हिरव्या कमानीखाली बसलेला.
कुंडीतलं रोप जगलंय का ते बघावं
तसा ती तो रोज बघते, कॉफीच्या आधी.

टेबलापलीकडे क्वेंटिन. टाय सैल, नखं कुरतडलेली.
तो स्क्रीन तिच्याकडे वळवतो थोडासा,
पूर्ण नाही.
"इथे सहाशे एकेचाळीस दिसतायत, मॅडम."

कुणाचे?
तुमचेच.
मग हे सातशे अठरा कुणाचे?
तेही तुमचेच.

पोरगा वाईट नाही. समजावतो.
तो आकडा सगळ्यांसाठी, तीनशे ते साडेआठशे.
हा गाडीच्या कर्जापुरता,
अडीचशेपासून नऊशेपर्यंत.
तो विचारतो, ही बाई उधारी थकवेल का, कुठलीही.
हा विचारतो, गाडीची थकवेल का.
कार्डवाल्यांचा आणखी निराळा.
विमेवाल्यांचा तर, तो म्हणतो,
मीसुद्धा कधी पाहिलेला नाही.

वही एकच. चष्मे वेगळे.

आणि गाडीच्या चष्म्यातून दिसतो
चार वर्षांपूर्वीचा हिवाळा :
लास्लोच्या ऑक्सिजनची नळी
झोपायच्या खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत.
कार्डाचा एकही हप्ता तिने चुकवला नाही,
कार्ड रोज लागायचं, औषधांच्या काउंटरवर,
शिवाय ते नाही म्हणू शकत होतं, चारचौघांत.
गाडी दारात उभी. मुकी.
जो मागत नाही त्याचं मागाहून,
हा घरोघरचा न्याय.
तीन हप्ते. त्यातला एक साठ दिवसांनी.
गाडी काही बोलली नाही,
नुसतं लक्षात ठेवलं तिने.

खरं तर हे मार्लीनला कुणी शिकवायला नको.
एकतीस वर्षं ती लग्नाचे झगे उसवते आणि शिवते.
एका कंपनीचा आठ नंबर, दुसरीचा बारा,
मुलगी तीच, कंबर तीच, सकाळचा नाश्तासुद्धा तोच.
बाराच्या लेबलावर किती जणी रडल्या तिच्या आरशासमोर!
तोंडातल्या टाचण्या न काढता ती म्हणायची,
नंबर कारखान्याचा असतो गं, अंगाचा नसतो.

आज तोंडात टाचण्या नाहीत,
तरी शब्द फुटत नाही.
कारण ते तीन हप्ते कारखान्याचे नव्हते.
तिचेच होते.

क्वेंटिन व्याजाचा दर लिहून कागद सरकवतो.
ती कागद उचलते, उजेडाकडे धरते,
शिवण कुठे ताणलीय ते बघावं तसा,
घडी घालते, पर्समध्ये ठेवते.
"उद्या येते," म्हणते.
दोघांनाही ठाऊक, उद्या म्हणजे काय.

बसच्या थांब्यावर वारा नदीवरून येतो.
एक हातमोजा दातांत धरून ती फोन लावते,
एका बँकेला, मग दुसरीला,
मग काचकारखान्याच्या कामगारांच्या जुन्या पतसंस्थेला.
आधी दर विचारत नाही. विचारते,
"मापायला तुमची टेप कुठली?"

पहिल्यांनी फोन ठेवला.
दुसऱ्यांनी माहितीपत्रक पाठवतो म्हटलं.
तिसरीकडे कुणीतरी बाई हसली,
म्हणाली, नऊ वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं,
थांबा हं, बघून सांगते.

पियानोचं रेकॉर्ड केलेलं संगीत.
मार्लीन थांबलीय.
बस आली, दार उघडलं, ड्रायव्हरने भुवई उंचावली.
तिने हातानेच खुणावलं :
जा.