दोनदा लिहिलेलं अक्षर

सौना आता आम्ही कोमटच ठेवतो.
जास्त तापली की ओर्वोक्कीचे डोळे धुरकटतात,
माझ्या फक्त बोटांना मुंग्या.

आजार एकच. निदानात दीड वर्षाचं अंतर.
ती मोठी. कौहावाच्या शाळेत स्कीइंगला कायम पहिली,
मी मागून तिच्याच चाकोरीतून घसरत यायचे.
आता लाकडं मी आणते
आणि ती वॉकर ढकलत दारातल्या बाकापर्यंत येते,
अकरा पावलं. मोजू नको म्हणते.

सेइनायोकीच्या डॉक्टरबाईंनी कागदावर रेघ काढली:
या जागी एक अक्षर.
तुला आईकडून आलं, वडिलांकडूनही.
बहिणीला कुणाकडूनच नाही.
याने आजार होत नाही, म्हणाल्या,
झालेला जरा घाईने चालतो.
पण ही सरासरी.
सरासरीला कुणाचं नाव नसतं.

ओर्वोक्की बसमध्ये गप्प.
लापुआ मागे पडल्यावर काचेवरच्या वाफेत
बोटाने लिहिलं: तुली, म्हणजे आग.
मग मधला स्वर दोनदा: तूली. वारा.
"एवढंच बघ," म्हणाली, आणि बाहीने पुसलं.

वडील न बोलता जेवायचे,
आई बर्फात अनवाणी हसत धावायची.
न विचारता दोघांनी काय काय देऊन ठेवलं.
मला न आलेल्या अक्षराबद्दल
माफी मागायची तर कुणाची?

आज तिने दगडांवर पाणी टाकलं,
नेहमीपेक्षा एक डाव जास्त.
मी काही बोलले नाही.
"हात दे," म्हणाली, "वरच्या फळीवर."