सोळा बेस, एक कान

मिरवणूक संपली की टेम्पोत
आम्ही दोघं आणि सोळा गप्प खोकी.
शिवाजी पुलावर रियाज गिअर टाकतो,
मागं एखादी सुटलेली वायर लाकडावर आपटते.
दिवसभर छातीवर घेतलेला आवाज
बरगड्यांतनं निघायला तयार नसतो.

तेव्हा मी तिचं गाणं लावतो.
इअरफोनचा डावा गेलाय. उजव्यात.
कोण आहे ती, माहीत नाही. आजऱ्याकडची म्हणतात.
एक खोली, एक गिटार.
पहिल्या ओळीआधी खुर्ची करकरते,
मधेच शेजारच्यांचा कुकर होतो.
तिनं तो काढून टाकला नाही.
शिट्टी संपेपर्यंत थांबली,
मग म्हणाली,
दोरीवरचा शर्ट वाळून आठ दिवस झाले.

'कोण मेलं रं?' माझं तोंड बघून रियाज विचारतो.
कोण नाही.
सांगरूळच्या मगदुमांची मुलगी पसंत पडलीय,
पाडव्याला सुपारी फोडायची ठरलीय.
आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं,
आता जिना चढून वाळवण घालते.
तरी ते गाणं लागलं की
गळ्याशी काहीतरी येऊन बसतं,
पाव्हण्यासारखं, अंग चोरून, उंबऱ्यालगत.
त्याला 'जा' म्हणवत नाही.

एकदा चूक केली.
उद्यमनगरच्या गोदामात शटर ओढून
अख्ख्या भिंतीवर लावलं ते.
बघू तरी, म्हटलं.
तिचा श्वास भात्यासारखा आला,
खुर्ची मोडल्यागत वाजली,
कुकरनं वरचा पत्रा थरथरला.
कुणाचीतरी चिठ्ठी चौकात
मोठ्यानं वाचावी, आणि वाचणारा मीच,
तसं झालं.
बंद केलं. ॲम्प्लिफायर गार होईपर्यंत
तिथंच पोत्यावर बसून राहिलो.

याला काय म्हणायचं, मला सुचत नाही.
दुःख म्हणावं, तर दुखत नाही.
तांबड्यावर पांढरा पितो तसं असंल,
मी रियाजला म्हटलं.
तो म्हणाला, 'भूक लागलीय तुला.'

लागलीच होती.
कावळा नाक्यावर गाडी कडेला घेऊन
पोहे खाल्ले, पहाटेच्या पहिल्या घाण्याचे.
हात पुसत तो म्हणाला, 'बघू तो उजवा.'

तो ऐकत होता तेवढा वेळ
मला माझ्याच कानातली शिट्टी ऐकू येत होती,
जी आता कायमची आहे, डॉक्टर म्हणालेत.
कुकरच्या जागी तो जरासा हसला.
नंतर नाही हसला.

इअरफोन परत देताना म्हणाला,
'मग काढला का तिनं शर्ट?'
गाणं तिथंच संपतं, म्हटलं.
'असं कसं तिथंच?'
असंच, म्हटलं.

किल्ली हातात होती.
मागं उसाची ट्रॉली हॉर्न देत होती.
त्यानं गाडी चालू केली नाही.