पस्तीस पैसे बाकी

बंद झालेल्या खात्याच्या पासबुकात सापडलं तिकीट,
कागद असा की फुंकर मारली तर फाटेल.
पाठीवर निळ्या पेन्सिलीनं: ३५ पै. बाकी.
खाली सही, डो. शेंडे.

डोमाजी शेंडे. कानामागे पेन्सिल,
काखेत चामड्याची पिशवी, आणि सुट्टे कधीच नाही.
"उतरतानी घेजा न बाई, मी का पयून चाल्लो?"
पारडीहून निघायची ती लाल बस,
मे महिन्यात गजाला हात लागला
की कोपरापर्यंत चटका.
लकडगंजात भुशाचा वास आला
की मी दुपट्टा आवळायचे आणि दाराकडे सरकायचे.
त्या दिवशी मागच्यांनी ढकललं,
मी एक्सचेंजसमोर फुटपाथवर,
माझे पैसे बर्डीला.
दुसऱ्या दिवशी दुसराच कंडक्टर.

ट्राम या गावात कधी आलीच नाही.
आप्पा सांगायचे टांग्यांचं:
इतवारी स्टेशनाच्या हौदात घोडे नाकापर्यंत बुडालेले,
मन्नानमियाँ भाडं सांगायचे घोड्याकडे बघून.
मग सायकलरिक्षे.
गड्डीगोदामच्या पुलाखालून वर येताना
सवारीनं उतरायचं, मागून रेटायचं,
पुन्हा बसायचं, भाडं मात्र पुरतं.
आणि नागभीडची ती छोटी गाडी,
उमरेडला तिच्याआधी तिचा धूर पोचायचा.
ह्यांतल्या कुणाकडेच माझं काही अडकलेलं नाही.

शेंड्यांकडे आहे. पण विचारावं कुठे?
लाल रंग गेला, डेपोची पाटी गेली,
नव्या बसवर तारा आला,
ठेकेदार एक गेला, दुसरा आला,
आणि दर वेळी हिशेब नव्या वहीत.
काल बर्डीच्या स्टेशनात, सरकत्या जिन्याच्या वर,
खिडकीतल्या मुलीला दाखवलं तिकीट.
तिनं उलटंसुलटं केलं. "काकू, पैसे आता बंद झाले ना."
रुपयांबद्दल बोलत होती असं वाटलं क्षणभर.
मग शेजारच्या पोरीला बोलावून दाखवलं,
दोघी पेन्सिलीच्या अक्षराकडे बघत राहिल्या.

गाडी थंडगार. कॉटन मार्केट, रेल्वे स्टेशन,
खाली सेंट्रल एव्हेन्यू, तिच्यावर ऑटो मुंग्यांसारखे.
एका आवाजानं सांगितलं: पुढील स्थानक, टेलिफोन एक्सचेंज.
चौदा वर्षं त्या इमारतीत कानाला हेडफोन लावून
मी लोकांना लोक जोडून दिले,
आता तिच्या नावाला दरवाजे उघडतात आपोआप,
उतरा म्हणायला कुणी नाही, ढकलायलाही नाही.

नातू म्हणतो, फ्रेम कर. लेक म्हणते, फेकून दे.
मी दोन्ही करत नाही.
माझं येणं आहे या गावाकडे,
म्हणून माझं येणं आहे.

कार्डाच्या पाकिटात, कार्डाच्या मागे ठेवलंय.
गेटवर टेकवलं की टुक वाजतं,
आणि दर वेळी मी थांबते अर्धा क्षण,
मागचा माणूस चुकचुकेपर्यंत.