धावदोरा

बार्सेलुशच्या कारखान्यात एकतीस वर्षं
मी जर्सीच्या काखा शिवते.
काख आधी उसवते,
म्हणून तिथे माझी दुहेरी टीप.

पोर्तोहून तेल्मो आला, प्रयोगशाळेतला पोरगा,
हातात पांढऱ्या दोऱ्याचं रीळ.
म्हणाला, देओलिंदा, हा दीडशे अंशांवर विरघळतो.
धावणारा वर्षभर धावेल, जर्सी परत करेल,
भट्टीत ठेवली की बाही वेगळी, पाठ वेगळी, गळा वेगळा.
कापडाचं पुन्हा सूत.

म्हणजे सगळा धावदोराच की, मी म्हटलं,
कच्चा, नंतर ओढून काढायचा.
टाका सुटला की आई बोटांवर पट्टी मारायची.
आता सुटेल असं शीव म्हणतात,
वर पगार देतात.

घरी खुंटीवर एव्हारिश्तूचं सायकलचं जाकीट आहे.
तो जाऊन सहा वर्षं झाली.
जाकिटाचा हिरवा अजून विटला नाही,
मरायचं कसं ते त्याला शिकवलंच नाही कुणी.
चेन मात्र अडकते.

पहिली जर्सी भट्टीतून निघाली गुरुवारी.
कुणीतरी ती घालून डोंगर चढलं होतं,
धुऊनही मातीचा वास.
तुकडे मेजावर पडले, नुकते बेतल्यासारखे.
तेल्मो टाळ्या वाजवत होता.
मी काखेचा तुकडा उजेडाकडे धरला:
दोरा कुठेच नव्हता,
पण सुईची भोकं, ओळीने, दुहेरी,
माझ्याच हातच्या अंतराने.

दुसऱ्या जर्सीला
टीप जरा सैल घातली.
जराच. शेवटी काख ती काख.